शेऱ्याचा रकाना

महसुली दप्तरातील बऱ्याच नमुन्यांत उजव्या हाताचा शेवटचा रकाना ‘शेरा’ या नावाचा असतो. आधीच्या रकान्यांत जे बसले नाही ते तेथे लिहायचे, असा त्याचा साधा उपयोग. वाद चालू आहे, वहिवाट जुनी आहे, बांध फुटला आहे, खातेदार परागंदा आहे, अशा गोष्टी तेथे सापडतात. भाषेच्या अभ्यासकाला नमुन्याचा हाच भाग सर्वांत वाचनीय वाटावा हे स्वाभाविक आहे. कारण इतर रकान्यांत आकडे आणि नावे असतात, येथे लिहिणाऱ्याला निदान एक वाक्य तरी रचावे लागते. कागदावरचे दप्तर यंत्रात गेले तेव्हा या रकान्याचे, आणि त्या निमित्ताने नोंद करण्याच्या आपल्या रीतीचे, काय झाले याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निमित्त घरचेच आहे. गोंदिया जिल्ह्यातील गावांची व तलावांची नावे, त्यांचे बोलीतील उच्चार, जुन्या छापील साधनांत आढळणारी त्यांची रूपे आणि त्यांच्याविषयीच्या आख्यायिका एकत्र कराव्यात, असे आम्ही काही शिक्षक-विद्यार्थ्यांनी ठरवले. आरंभी वह्या होत्या. वह्या वाढल्या तेव्हा कोणीतरी डेटाबेस करण्याची सूचना केली, आणि एकदा माहिती तक्त्यांत भरली की प्रश्न विचारायचा अवकाश, उत्तर हजर, अशी आमची समजूत झाली. त्या आज्ञावलीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दुसरी घेतली असती तरी फारसे वेगळे घडले नसते. पुढचे कित्येक महिने उत्तरे मिळवण्यापेक्षा प्रश्न दुरुस्त करण्यातच गेले.

पहिली अडचण इतिहासानेच उभी केली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. साहजिकच स्वतंत्र जिल्हा म्हणून त्याची पहिली जनगणना २००१ ची. २०११ च्या जनगणनेने या जिल्ह्यात १३,२२,५०७ माणसे मोजली. पण आम्ही १९६१ साल घालून गोंदिया जिल्ह्यातील गावे मागितली तेव्हा यंत्राने शून्य ओळी दाखवल्या. यंत्राचे चुकले नव्हते. ‘जिल्हा’ हा रकाना आम्ही गावाच्या अंगभूत गुणासारखा मांडला होता, आणि तो तसा नाही. भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, १९५६ मध्ये भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही, पत्ता मात्र बदलत राहिला. १९०८ चे भंडारा गॅझेटिअर वाचणारा माणूस ही दुरुस्ती मनातल्या मनात करतो. ती करतो आहोत हे त्याच्या ध्यानीही येत नाही. यंत्राला ती सांगावी लागते, आणि सांगण्यासाठी आधी ती आपल्याला उमगावी लागते.

दुसरी अडचण नावांची. जिल्ह्यात आठ तालुके आणि त्यांत दोन अर्जुनी: एक अर्जुनी मोरगाव, दुसरी सडक अर्जुनी. लोक लिहिताना ‘अर्जुनी/मोर’ लिहितात, कोणी मोरगाव आधी घेतो, कोणी नुसतेच अर्जुनी लिहून संदर्भावर सोडतो. तिरोडा हे गाव इंग्रजी साधनांत शेवटी ‘रा’ वाचावा अशा वर्णांत येते. मराठीचा ड आणि हिंदीचा ड़ यांच्यामधली ती खूण आहे. माजी मालगुजारी तलाव सरकारी पत्रव्यवहारात ‘मा. मा. तलाव’ झाले आणि तोंडी ‘मामा तलाव’. बाहेरगावच्या एका विद्यार्थ्याला हा कोण्या मामाने बांधलेल्या तलावांचा प्रकार वाटला होता, ते क्षम्य आहे. यंत्राला मात्र ही तीन रूपे तीन वेगळ्या वस्तू वाटतात. त्यात झाडीबोलीची भर. या बोलीत ण च्या जागी न आणि ळ च्या जागी र ऐकू येतो, डोळा ‘डोरा’ होतो. नावाचे बोलीतील रूप टिपणे हाच आमचा हेतू होता; आणि ते टिपावे तर यंत्राच्या लेखी गाव दुसरेच होई.

याहून विचित्र अडचण अशी की, डोळ्यांना जे एक दिसते ते यंत्रात एक नसते. ‘शेऱ्यात’ हाच शब्द घ्यावा. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ज्या र खाली टिंब आहे तो र घेऊन त्याला हलन्त देणे, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवणे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि वर्णांची रूपे एकसारखी करण्याची नेहमीची प्रक्रियाही या दोहोंना एक करत नाही. ‘ॲ’ या वर्णाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात तो अ वर चंद्र देऊन लिहिलेला असे. त्यामुळे ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द शोधताना आमच्यातील एकाने टंकलेल्या नोंदी सापडत आणि दुसऱ्याने टंकलेल्या गळत. गळल्याचा काही आवाज होत नाही. उत्तर आले एवढ्यावर समाधान मानले तर अर्धे उत्तर पूर्ण समजून चालावे लागते. आम्हीही काही काळ तसेच चाललो.

या प्रश्नभाषेचा इतिहास मराठीच्या विद्यार्थ्यांनी एकवार पाहण्यासारखा आहे. १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रतिमान मांडले. माहिती यंत्राच्या पोटात कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, ही त्यामागची भूमिका. १९७४ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वल’ ही भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार अशा संगणकतज्ज्ञ नसलेल्या माणसांना ती वापरता यावी, असे तिच्या कर्त्यांच्या मनात होते. म्हणून तिला साध्या इंग्रजी आज्ञेचे रूप दिले: आधी ‘सिलेक्ट’, मग ‘फ्रॉम’, मग ‘व्हेअर’, म्हणजे काय हवे, कोठून हवे, कोणत्या अटीवर हवे. गंमत अशी की अर्थ लावण्याचा तिचा क्रम याच्या उलट आहे. आधी तक्ता, मग अट आणि शेवटी निवड. ‘अमुक तक्त्यातून अमुक अटीत बसणाऱ्या ओळींची नावे दे’ या मराठी वाक्यात क्रियापद जसे शेवटी येते, तसाच तो क्रम आहे. पेहराव इंग्रजी वाक्याचा आणि अन्वय आपल्या वाक्याजवळचा! हे लक्षात आल्यावर आमच्या विद्यार्थ्यांना ती भाषा थोडी सोपी गेली, हे येथे नमूद केले पाहिजे.

परंतु खरा पेच आला तो कोऱ्या रकान्यापाशी. या प्रदेशातील अनेक तलावांचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. नवेगाव बांध तर कोलू पाटील कोहळी या नावाशी जोडलेला आहे. आमच्या तक्त्यात ‘बांधणारे’ असा रकाना होता. काही तलावांसमोर कोहळी अशी नोंद होती, काहींसमोर इतर नावे, आणि पुष्कळ बोड्यांसमोर काहीच नव्हते. कोहळ्यांनी बांधलेले तलाव मागितले, ते आले. मग कोहळ्यांनी न बांधलेले मागितले, तेही आले. दोहोंची बेरीज एकूण तलावांपेक्षा बरीच कमी भरली. कारण कोऱ्या रकान्याला ही भाषा ‘नल’ म्हणते आणि नलशी केलेली कोणतीही तुलना खरी नसते, खोटीही नसते. ती अज्ञात असते. अज्ञात ठरलेली ओळ उत्तरात येत नाही. म्हणजे ज्या बोडीचा कर्ता ठाऊक नाही ती ‘होय’च्या यादीतही नाही आणि ‘नाही’च्या यादीतही नाही. तिला बोलावण्यासाठी वेगळ्या शब्दांत, मुद्दाम विचारावे लागते.

हा दोष कॉड यांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी कोरेपणाचे दोन प्रकार मानावेत असे सुचवले: माहिती असू शकते पण मिळालेली नाही, हा एक, आणि ती येथे लागूच पडत नाही, हा दुसरा. त्यांचेच सहकारी क्रिस डेट यांनी नल ही कल्पनाच नको, असा पक्ष शेवटपर्यंत लावून धरला. व्यवहारात मात्र एकच नल राहिला. इतिहासाच्या दृष्टीने ही कमतरता मोठी आहे. कोणी विचारलेच नाही, विचारले पण सांगणारा उरला नव्हता, सांगणाऱ्याने सांगायचे नाकारले, आणि मुळात विचारण्यासारखे काही नव्हतेच, या चार गोष्टी निराळ्या आहेत. आमच्या तक्त्यात चौघींचा चेहरा एकच होता.

आता मालगुजारी दप्तराकडे वळू. मध्य प्रांतात ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालगुजारांना मालकी हक्क दिले. त्याबरोबर गावरीतीची नोंदही करावी लागली. ‘वाजिब-उल-अर्ज’ हा त्यातलाच दस्तऐवज. तलावाचे पाणी कोणी कधी घ्यावे, गुरे कोठे चारावीत, सरपण कोठून आणावे, वाट कोणाची, मासे कोणाचे, अशा वहिवाटी तेथे लिहिल्या जात. तो गद्यात असे, आणि गद्यात ‘परंतु’, ‘तथापि’, ‘पाऊस कमी झाल्यास’ यांना जागा असते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, पुढे त्यांतील बरेचसे जिल्हा परिषदेकडे आले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने विदर्भासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे कायम राखली.

दुसरीकडे सातबारा. जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये मोजक्या जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. विदर्भातील वर्धा हा त्यांपैकी एक. २००८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. एका उताऱ्यासाठी देवरी किंवा सालेकसा तालुक्याच्या टोकावरच्या गावातून घातलेले हेलपाटे ज्यांनी पाहिले आहेत, ते तसे करणारही नाहीत. प्रत्येक गावाला संकेतांक असल्याने दोन अर्जुनींचा आमचा गोंधळही तेथे उद्भवत नाही.

पण सातबाऱ्याची ओळ असते एका भूमापन क्रमांकाची, आणि निस्तार हक्क असतो गावाचा. तो एका क्रमांकात मावत नाही. पाच क्रमांकांवरून जाणारी गुरांची वाट कोणाच्याच मालकीच्या ओळीत येत नाही. सातबाऱ्यात ‘इतर अधिकार’ असा रकाना आहे खरा, परंतु तोही त्या क्रमांकापुरता. ही उणीव यंत्राने निर्माण केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कागदी नमुन्यातच ती होती. फरक एवढाच की, कागदाच्या काळात नमुन्याशेजारी दुसरा बस्ता असे आणि तो कोठे आहे हे सांगणारा माणूसही असे. नमुना यंत्रात गेला, बस्ता कपाटात राहिला, आणि हळूहळू पडद्यावर जे दिसते तेवढेच दप्तर, असा समज रूढ होऊ लागला.

हा समज निरुपद्रवी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारखे सामूहिक हक्क मान्य केले आहेत. दावा मांडताना ग्रामसभेला वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो, आणि जंगलाला लागून असलेल्या या जिल्ह्यात असा पुरावा जुन्या गद्य दप्तरातच असण्याची शक्यता अधिक. जो कागद कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरात येत नाही तो आहे हे पुढच्या पिढीला कळणार कसे? कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘हक्क नाही’ असा लावला गेला, तर त्या चुकीची किंमत डेटाबेस करणारा मोजत नाही.

आमच्यापुरते आम्ही काय केले ते सांगून थांबतो. वाट साहित्यशास्त्रानेच दाखवली. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकृत पाठ वर छापला आणि पाठभेद पोथीच्या खुणेसह खाली राखले. आम्हीही तसेच केले. गावाचा संकेतांक एका तक्त्यात आणि त्याची सर्व रूपे दुसऱ्यात. प्रत्येक रूपापुढे साधन, वर्ष आणि सांगणाऱ्याचे गाव. ‘तिरोडा’ हे रूप चूक की ‘तिरोरा’, हा वाद त्यामुळे मिटला. कोणी, केव्हा, कसे लिहिले एवढेच नोंदवायचे राहिले. ‘जिल्हा’ या रकान्याला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन सोबती मिळाले. आणि रकाना कोरा ठेवायचा नाही असे ठरले: ‘विचारले नाही’, ‘सांगता आले नाही’, ‘सांगितले नाही’, ‘लागू नाही’ यांपैकी काहीतरी लिहायचेच. काम दुप्पट झाले. बेरीज मात्र जुळू लागली.

तरीही काही उरलेच. एका बोडीच्या काठी आम्ही एका वृद्ध बाईंना ती कोणी बांधली असे विचारले होते. “आमच्या आधीची हाये,” एवढेच त्या म्हणाल्या. कर्ता नाही, साल नाही, आणि ‘सांगता आले नाही’ असेही म्हणता येत नाही, कारण त्यांनी सांगितले होते. आमच्या चारही पर्यायांत ते बसेना. शेवटी तक्त्याच्या उजव्या टोकाला एक रकाना वाढवला, त्याला ‘शेरा’ हे जुनेच नाव दिले आणि त्यांचे वाक्य जसेच्या तसे तेथे लिहून ठेवले.