ओवीची जागा

महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात करून ठेवली आहे. ‘मानसोल्लास’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ ११२९ ते ११३१ च्या दरम्यानचा. हत्ती, शिकार, स्वयंपाक, दागदागिने अशा सगळ्या राजेशाही पसाऱ्यात या घरगुती गाण्यालाही त्यानं जागा दिली, हे विशेषच. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. मराठवाड्याला ते काही परकं ठिकाण नव्हे. ओवी कुठं ऐकायची, तर कांडण चाललं असेल तिथं, असं राजा सांगतो. घरातल्या गाण्याचं पुढं काय झालं याचा माग काढायचा तर हीच खूण धरावी असं मला वाटतं. आधी काम शोधावं, गाणं तिथंच आसपास असतं.

पुढचा ठसठशीत माग मराठवाड्यातल्याच परभणी जिल्ह्यात लागतो. गोदाकाठचं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी कामाला गेली. दळण, कांडण, शेण्या, पाणी ही तिची कामं आणि तेच तिच्या अभंगांचे विषय. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातं आजही दाखवतात. विठ्ठल जनीबरोबर दळायला बसतो, ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो. दळणाऱ्या बाईला त्यातली व्यवहाराची बाजू लगेच कळत असणार. जड जातं एकटीनं फार वेळ ओढवत नाही, समोर दुसरं कुणीतरी लागतं, आणि दासीच्या समोर येऊन बसायला घरात कोण रिकामं असणार?

जातं रोज का फिरायचं, याचं उत्तर ज्वारीत आहे. परभणीची काळी माती ज्वारीची आणि कापसाची. इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या रब्बी ज्वारीच्या एका वाणाचं नावच ‘परभणी मोती’. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. महिन्याचं एकदम दळून डबे भरून ठेवायची सोय नाही. खाणारी तोंडं जास्त असली की पहाटेचं दळण चुकत नसे, आणि दळण चुकत नव्हतं म्हणून गाणंही चुकत नव्हतं. मूठ मूठ वैरायचं, खुंटा धरून ओढायचं. त्या ओढीवर ओवीची चाल ठरायची. दोघी असल्या तर एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं तिला जोड द्यायची. आधी देवांच्या ओव्या, मग आई, भाऊ, लेकरं, आणि घर अजून झोपेत आहे याची खात्री पटली की सासुरवास. गाण्याची लांबी कुणी ठरवलेली नसे. सुपातलं धान्य संपलं की ते थांबायचं.

ही ओवी नव्याला बिचकणारी होती, असंही नाही. आगगाडी आली तेव्हा ती ओवीत शिरली. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीची हद्द ओलांडली की बीड जिल्ह्यातलं माजलगाव लागतं. तिथल्या भीमनगरात १९९६ मध्ये बायकांनी गायलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. शेकडो वर्षं सीतेला आणि विठ्ठलाला आळवणाऱ्या चालीत बाबासाहेब सहज सामावले. तेव्हा ‘नवा जमाना आला आणि ओवी गेली’ हे सांगणं मला पटत नाही. नव्या जमान्यातली नेमकी कुठली वस्तू, ते सांगायला हवं.

ती वस्तू पिठाची गिरणी. रेडिओ, टीव्ही आणि मोबाइल यांना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, पण गिरणी त्यांच्या आधी आपलं काम उरकून गेली होती. आधी डिझेल इंजिनवरच्या चक्क्या आल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत खेड्यापाड्यांत वीज पोचत गेली, तशा विजेच्या गिरण्या झाल्या. पायलीभर ज्वारी, जिला पहाटेचा प्रहर जायचा, ती काही मिनिटांत पीठ होऊन बाहेर येऊ लागली. जातं गेल्याचं दुःख कुणा सासुरवाशिणीनं केल्याचं ऐकिवात नाही, आणि करूही नये. हाताला घट्टे पाडणारं, गरोदरपणीही न चुकणारं ते काम होतं. गाणं हा त्या कष्टावरचा उतारा होता. कष्ट गेल्यावर उतारा कोण घेत बसणार?

गिरणीनं आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. दळण घराबाहेर, दिवसाउजेडी, परक्या पुरुषाच्या हाती गेलं. पट्ट्याच्या आणि चक्कीच्या आवाजात शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, तिथं ओवी कुठली! भारनियमनाच्या वर्षांत बायका वीज येईपर्यंत डबे रांगेत ठेवून बसायच्या. तिथं गप्पा झाल्या, भांडणं झाली, सोयरिकी जुळल्या. नवी बैठक मिळाली खरी, पण ती बोलण्याची होती.

या रिकाम्या झालेल्या पहाटेत मग बाहेरचं गाणं आलं. त्याची वंशावळ वेगळी. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला, तेव्हापासून गाण्याला शेवट आला: ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू, सुमारे तीन मिनिटं. धान्य संपेपर्यंत चालणाऱ्या गाण्याच्या मुलखात ही फार मोठी घटना. पण चावीचा फोनो मूठभर घरांपुरता राहिला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचा डेक्कन रेडिओ १९३५ पासून सरकारी झाला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि १९५० मध्ये ते केंद्र आकाशवाणीत विलीन झालं.

१ एप्रिल १९५५ ला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांची ५६ गीतं, फडक्यांचं संगीत, वर्षभर चाललेलं. ते संपलं तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातच होता; द्वैभाषिक मुंबई राज्यात तो गेला १ नोव्हेंबर १९५६ ला. महाराष्ट्राच्या घराघरांत त्या गीतांच्या ओळी लोकांनी वहीत उतरवल्या, मुलांकडून म्हणवून घेतल्या. रेडिओमुळे घरातलं गाणं बंद पडलं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही वही विसरू नये. फक्त आता गाण्याची एक बरोबर आवृत्ती ठरली. चाल चुकली की कुणीतरी म्हणायचं, ‘तसं नाही, रेडिओवर असं आहे.’

जात्यावरच्या रामायणाला अशी प्रमाण प्रत नव्हती. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. सीतेला रानात धाडलंय, तिथं तिचं कुणी नाही, तिची समजूत काढायला येतात त्या बोरी-बाभळी. परभणीच्या माळावर दुसरी झाडं तरी कुठली असणार! हे रामायण प्रत्येक घरी थोडं वेगळं असायचं, कारण त्यातली सीता प्रत्येक घरी वेगळी होती.

आकाशवाणीचं परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर ऐकू येऊ लागलं आणि रेडिओ मराठवाड्याच्या बोलीत शिरला. ट्रान्झिस्टर बैलगाडीत गेला, शेतातल्या आखाड्यावर गेला. भजनी मंडळं, लोकगीतं, शेतीची माहिती. या केंद्रांनी लोकसंगीताला दिलेला आधार मोठा आहे. पण आकाशवाणीच्या पद्धतीत स्वरपरीक्षा होती, श्रेण्या होत्या. कोण गाऊ शकतं, हे पहिल्यांदाच घराबाहेर ठरू लागलं. जात्यावर बसलेल्या बाईला तिचा गळा कसा आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. ‘मला कुठं गाता येतं’ हे वाक्य आज आपल्या घराघरांत ऐकू येतं. त्याची मुळं मला इथं दिसतात. जिला दळता येत होतं तिला गाता येत होतं, एवढा साधा नियम त्याआधी होता.

कॅसेटबद्दल मात्र माझं मत बरंच चांगलं आहे. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन आले आणि घराला पहिल्यांदा स्वतःचा आवाज साठवता आला. बाजारात प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतांच्या, भीमगीतांच्या कॅसेटी होत्या, त्या तर वाजल्याच. पण लाल बटण दाबलं की बारशाचा पाळणा, आजीची आरती, पोराचे बोबडे बोलही त्याच फितीवर उतरायचे. दुर्दैव असं की फीत महाग वाटायची, आणि आजीच्या आवाजावर पुढच्या लग्नसराईत सिनेमाची गाणी भरली जायची. किती घरांनी आपला ठेवा असा स्वतःच्या हातानं पुसला असेल! उरल्यासुरल्या फितींना बुरशी लागली.

याच सुमारास उलट्या दिशेचं काम सुरू होतं. ओव्या आधी कागदावर आल्या होत्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या खंडांमध्ये त्या जमवल्या. पण कागदावर शब्द येतात, चाल येत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढं भारतीय नागरिक झालेले गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हा साठा हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं ध्वनिमुद्रण झालं, आणि आता हे सगळं पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संग्रहात इंटरनेटवर ऐकायला मिळतं. ताडकळसच्या ओव्याही तिथंच आहेत. म्हणजे ज्या तंत्रज्ञानाला आपण नावं ठेवतो, त्याच्याशिवाय या लेखातली अर्धी साक्ष उभी राहिली नसती. पण मायक्रोफोनसमोर बसलेल्या बाईपुढं सूप नाही, धान्य नाही, झोपलेलं घर नाही. ओवी टिकली, तिची जागा टिकली नाही.

मोबाइलच्या काळात हे सगळं फार भराभर झालं. आधी तालुक्याच्या ठिकाणी मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं थाटली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ती दुकानं बघता बघता उठली. कापसाच्या शेतात आज वेचणीला बायका जातात तेव्हा एकीच्या मोबाइलवर गाणी चालू असतात आणि बाकीच्या ऐकत वेचतात. माझ्या म्हणण्याला हा खोडा आहे, हे मान्य. इथं हाताचं काम आहे, बायकांची सोबत आहे, तरी गाणं मोबाइलचं. पण वेचणीला एकत्र ठेका नसतो. जिची तिची पात वेगळी, हाताची गती वेगळी. जात्यानं दोघींना एकाच ओढीत धरलं होतं, तसं इथं कुणी धरत नाही.

जिथं ठेका उरला तिथं गळा अजून चालतो. लेकराची झोळी बाभळीला बांधली की हलवणारीच्या तोंडून काहीतरी निघतंच. मग ते पाळणा असो, नाहीतर कालच्या मालिकेचं शीर्षकगीत. शहरात मोटारीवर हलणारे पाळणे आलेत आणि शेजारी यूट्यूबवर तासभराची अंगाई लावून ठेवलेली असते. त्या घरात आईचा गळा कधी थांबला, हे सांगायला ज्योतिषी नको. लग्नात घाणा भरताना जातं आणि मुसळ अजून पुजलं जातं. पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात, कुणी जाणती असली तर दोन ओव्या होतात, आणि अंगणात डीजेची तपासणी सुरू झाली की तीही थांबते. नव्या गोष्टींतही कौतुकाची एक गोष्ट आहे: महिला भजनी मंडळं आपली भजनं स्वतः मोबाइलवर चित्रित करून टाकतात, कुणाच्या स्वरपरीक्षेची वाट बघत नाहीत. सत्तर वर्षांनी ‘गाता येतं का’ हा प्रश्न पुन्हा बाईच्या हाती आला, तो याच यंत्रामुळं.

घरात जात्यावर बसलेली आजी, चुलती किंवा मावशी असेल तर एवढं करा. तिला खुर्चीत बसवून ‘म्हण’ म्हणू नका. सूप, ताक घुसळायची रवी, झोळीची दोरी, काहीतरी हलतं तिच्या हातात द्या. तिच्या बरोबरीची एखादी शेजारीण बोलवा, घरातले पुरुष जरा बाहेर जाऊ द्या. तिचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आधी बोलून घ्या. आणि दोन ओव्या झाल्या, स्टेटसला पुरे, म्हणून रेकॉर्डिंग बंद करू नका. सुरुवातीच्या ओव्या देवाच्या असतात. त्या सगळ्यांना येतात. तिच्या स्वतःच्या ओव्या त्यानंतर येतात.