‘ब्लूटूथ’ : एका संज्ञेचा इतिहास

यंत्राच्या नावावरून त्याचे कार्य कळावे, ही अपेक्षा ‘दूरध्वनी’ या संज्ञेने पुरी होते. ‘ब्लूटूथ’ या संज्ञेने होत नाही. जवळची उपकरणे तारेवाचून जोडणाऱ्या या पद्धतीवर स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली काम सुरू झाले. १९९७ साली इंटेल कंपनीचे जिम कार्डाक यांनी दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड याचे टोपणनाव तिला तात्पुरते म्हणून सुचविले. हाराल्डाने डेन्मार्क एकछत्री केला. ही पद्धत संगणक व दूरध्वनी यांना एकत्र आणील, हा त्यातील भाव होता. पुढे तात्पुरते नावच कायम झाले.

येलिंगच्या शिलालेखात हाराल्डाचे नाव आहे, टोपणनाव नाही. ते बाराव्या शतकातील बखरीत आढळते. त्यातील रंगवाचक शब्द जुन्या नॉर्स भाषेत काळसर वर्णासही लावीत. तेव्हा राजाचा दात निळा नसून काळवंडलेला असण्याचाही संभव आहे. इंग्रजी रूपाने शब्दाचा आजचा अर्थ तेवढा उचलला.

ऐक्याची कल्पना मात्र यंत्रात वेगळ्या रीतीने खरी ठरते. मूळ पद्धतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कंप्रतांचे ७९ मार्ग असून उपकरणे सेकंदास १६०० वेळा मार्ग बदलतात. बदलाचा क्रम मुख्य उपकरणाचे घड्याळ व ओळखक्रमांक यांवरून ठरतो आणि जोडलेली सर्व उपकरणे तोच पाळतात. एका मार्गावर अन्य लहरींचा गोंगाट असला, तरी पुढच्या क्षणी संदेश दुसरीकडे गेलेला असतो. क्रम चुकला की संवाद तुटतो.

शब्द व अर्थ यांचा संबंध संकेतजन्य होय, असे नैयायिकांनी मानले. या संज्ञेचा इतिहास आणि तिच्या यंत्राची रीत, दोन्ही त्याच मताला पुष्टी देतात.