ऑफिसच्या चॅटबॉटला सांगितलेलं कुठवर जातं?

अनेक मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी ‘ईएपी’, म्हणजे एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम, असतो. कामाचा ताण, घरातली भांडणं, कर्ज, व्यसन अशा अडचणींत समुपदेशकाशी मोफत बोलता येतं आणि खर्च कंपनी करते. १९४० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी कामगारांची दारू सोडवण्यासाठी जे कार्यक्रम सुरू केले, त्यांतून ही कल्पना वाढली.

आता यात एआय आलं आहे. काही ठिकाणी पहिला संवाद चॅटबॉटच करतो. ताण किती आहे हे प्रश्न विचारून जोखतो, श्वसनाचे किंवा विचार तपासण्याचे व्यायाम देतो आणि गरज वाटल्यास माणसाकडे पाठवतो. बेंगळुरूत सुरू झालेलं ‘वायसा’ हे अ‍ॅप कंपन्यांनाही अशी सेवा देतं. रात्री दोन वाजता अपॉइंटमेंट लागत नाही आणि समोर माणूस नसल्याने संकोच कमी होतो, हे फायदे खरे आहेत. यंत्रापाशी मन मोकळं करणं नवंही नाही. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा अगदी साधा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तेव्हा लोक त्याच्याशी इतकं खासगी बोलू लागले की ते स्वतःच अस्वस्थ झाले.

पण ईएपी उभा आहे तो एका भरवशावर: इथे बोललेलं साहेबांच्या कानावर जाणार नाही. चॅटबॉटशी बोलताना प्रत्येक वाक्य लेखी असतं आणि ते सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर साठू शकतं. मालकाला साधारणपणे नावं न देता एकत्रित आकडेवारी मिळते. मात्र सहा जणांच्या टीमचा वेगळा अहवाल गेला आणि त्यात ‘दोघांना नोकरी सोडायची आहे’ असं आलं, तर ते दोघे कोण हे ओळखायला कितीसा वेळ लागणार?

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर गोपनीयतेचं बंधन आहे. चॅटबॉट असा व्यावसायिक नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी, त्यात कर्मचाऱ्याने मागितलेल्या सेवाही आल्या, वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. ही फट छोटी नाही.

युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी एआयने भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं तेवढी अपवाद. अमेरिकेच्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये एआयला स्वतंत्रपणे थेरपी देण्यास मनाई केली. परवानाधारक थेरपिस्टला कार्यालयीन कामात त्याची मदत घेता येते.

त्यामुळे टाइप करण्याआधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: संभाषण किती दिवस साठतं, किमान किती जणांच्या गटाचा अहवाल बनतो आणि जिवाला धोका वाटल्यास कुणाला कळवलं जातं. कंपनीशी संबंधच नको असेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.