कापणीआधीचे आभार : सासष्टीतलं कणसांचं फेस्त

भाताच्या लोंबीला गोव्यात 'कणस' म्हणतात. दरवर्षी ५ ऑगस्टला सासष्टीतल्या राय गावी कणसांचं फेस्त असतं. पाद्री लोकांसह मिरवणुकीने शेतात जातात, नव्या भातावर आशीर्वाद मागतात, थोडी कणसं कापतात आणि ती चर्चमध्ये देवाला अर्पण होतात. आशीर्वादित कणसं मग लोक घरी नेऊन अल्ताराजवळ ठेवतात. ताळगावात हेच फेस्त २१ ऑगस्टला होतं.

मी पेशाने अभियंता, त्यामुळे मला आधी तारीख खटकली. ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेक शेतं हिरवीगार असतात. मुख्य कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. म्हणजे पीक घरात यायच्या आधीच देवाचे आभार मानून मोकळं व्हायचं! मधल्या काळात जोराचा पाऊस येऊन भात आडवं झालं, तर?

तारखेचं उत्तर रोममध्ये सापडतं. रायचं चर्च 'अवर लेडी ऑफ स्नोज', म्हणजे हिममातेचं. ऐन ऑगस्टात रोमच्या एस्क्विलाइन टेकडीवर बर्फ पडल्याची आख्यायिका आहे आणि तिचा दिवस ५ ऑगस्ट. बर्फाचा आणि भाताचा काय संबंध? काहीच नाही. तारीख चर्चची, कणस मात्र गावाचं.

गाव त्या चर्चपेक्षा जुनं. गावकऱ्यांनी सामाईक जमीन कसायची, बांध राखायचे, ही गावकारीची पद्धत पोर्तुगीज येण्याआधीपासूनची. तिचे रिवाज त्यांनी १५२६ च्या 'फोराल'मध्ये नोंदवले. १५४३ मध्ये सासष्टी आणि बारदेश त्यांच्या ताब्यात गेले. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळलं. हे सगळं गाळून कणसांचं नुसतं कौतुक करणं मला पटत नाही.

पण याच मातीत दुसरीही एक गोष्ट घडत होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'क्रिस्तपुराण' रचलं ते मराठी ओवीत. १६१६ मध्ये ते रायला लागूनच असलेल्या राशोलला छापलं गेलं. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटलं. नव्या ख्रिस्ती माणसाने देवाला नमन करावं ते त्याला घरात ऐकू आलेल्या शब्दांत, हे त्याला कळलं होतं. शब्दांचं जे झालं, तेच कणसांचंही झालं असावं असं मला वाटतं. गोव्यातल्या हिंदू घरांत आणि देवळांतही 'नवें' होतंच. आपल्याकडे नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधतात, तोच भाव.

म्हणून बरीच वर्षं मी म्हणत असे, की हे फेस्त म्हणजे जुनीच प्रथा, फक्त देव बदललेला. आता तसं म्हणत नाही. पहिली पेंढी देवापुढे आणण्याची आज्ञा बायबलच्या लेवीय ग्रंथातही आहे. मिसेतल्या मुख्य संस्काराचं नाव 'युखारिस्त', आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणं. मराठी बायबल यासाठी 'उपकारस्तुती' हा शब्द वापरतं. 'आभार' म्हटलं की व्यवहार मिटल्यासारखा वाटतो. 'उपकारस्तुती'त उपकार आधी आठवावा लागतो. शेतकऱ्याची रीत आणि चर्चची शिकवण इथे एकमेकींना भेटल्या. एकीने दुसरीला गिळलं नाही.

रायला एका वयस्कर बाईंना मी माझी शंका विचारली, की पुढे पीक बुडालं तर या आभारांचं काय? त्या हसल्या. म्हणाल्या, गेल्या वर्षीचं जेवलो ना आपण? माझा हिशेब तिथेच चुकत होता. मी आभारांना मालाची पोच समजत होतो. त्यांच्या लेखी ते येणाऱ्या पिकाचं बिल नव्हतं. आजवर मिळालेल्याची आठवण होती.

आज खरी काळजी वेगळीच आहे. गोव्यात अनेक ठिकाणी शेतं पडीक आहेत. बांध फुटतात, मजूर मिळत नाहीत, जमिनीला इमारतीचा भाव येतो. उद्या कणस बाहेरून आणावं लागलं तरी फेस्त होईल, मिसाही होईल. पण आपल्याच बांधावरचं कणस हातात धरून मानलेले आभार आणि पिशवीतून आणलेल्या कणसाचे आभार, यांत फरक पडेलच.

म्हणून मंडळाच्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावात नवें असो वा फेस्त, यंदा तारखेसोबत एवढं जरूर लिहून ठेवा : कणस कुणाच्या शेतातलं होतं, आणि ते कुणी पेरलं होतं.