असईच्या तोफा आणि 'शिस्त' नावाचा शब्द

आजच्या भागाची सुरुवात एका व्हॉट्सॲप मेसेजनं झाली. माझा चुलतभाऊ टेक्सासला असतो. तिथे त्यानं रेंजवर जायला रायफल घेतली आणि मला विचारलं, "वरच्या रेलवर कुठली आयर्न साइट लावू रे? तू इंजिनिअर ना?" मी लिहितो सॉफ्टवेअर! पण दादाचा प्रश्न डोक्यात राहिला आणि फिरत फिरत आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईला जाऊन पोचला. तो प्रवास आज सांगतो.

आधी आयर्न साइट म्हणजे काय ते बघू. भिंग नाही, बॅटरी नाही. मागे एक खाच किंवा छिद्र, पुढे नळीच्या टोकाकडे उभी काडी. खाच, काडी आणि निशाण एका रेषेत आणायचं, बस. शाळेत एनसीसीच्या फायरिंगला उस्ताद ओरडायचे, "शिस्त लो!" मला वाटायचं, नीट झोपा, हालचाल करू नका असं सांगतायत. नंतर कळलं की तिथे शिस्त म्हणजे नेम. आपल्या जुन्या मराठीतही बंदुकीची 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणंच. शब्द फारसीतून आलेला. वागण्यातली शिस्त हा आज आपल्या ओळखीचा अर्थ.

आता दादाचं उत्तर. पहिली गोष्ट, मागची आणि पुढची साइट एकाच पातळीला हवी. आज जी पिकॅटिनी रेल सगळीकडे दिसते, तिचं माप अमेरिकन लष्करानं १९९५ साली ठरवून दिलं. ही रेल मागपासून पुढपर्यंत सलग एका उंचीची असेल, तर दोन्ही साइट सारख्या उंचीच्या चालतात. पण पुढची बैठक खाली असेल, तर पुढची साइट तेवढी उंच घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, दोघींमधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं. साधं गणित आहे. अंतर ५० सेंटिमीटर असेल आणि काडी एक मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर चुकते. अंतर २५ केलंत, तर चूक ४० सेंटिमीटर.

हाच उंचीचा घोळ दोनशे वर्षांपूर्वी तोफांमध्ये होता. तोफ मागे जाड, तोंडाकडे निमुळती. गोलंदाजानं वरच्या अंगावरून नजर लावली, तर त्याला वाटतं तोफ सरळ आहे, पण आतली नळी एखाद-दोन अंश वर बघत असते. निशाण जवळ असेल तर गोळा डोक्यावरून जाणार. उपाय दोन. तोंडाकडे फरकाएवढा उंचवटा लावायचा, म्हणजे आपली पुढची साइटच. नाहीतर तो फरक हिशेबात धरून तोफेचा कोन बदलायचा. कोन बदलायला जुनी रीत म्हणजे बुडाखाली लाकडी पाचर. नवी रीत, मळसूत्री स्क्रू. पाचर अंदाजानं ठोकावी लागते. स्क्रूनं कोन बारीक बारीक बदलता येतो. प्रत्येक बारानंतर तोफ मागे धावते आणि पुन्हा जागेवर आणून रोखावी लागते. तेव्हा या स्क्रूची किंमत कळते.

आणि हे शिंद्यांकडे होतं. १८०३ मध्येच उत्तरेत जनरल लेकच्या हाती शिंद्यांच्या तोफा लागल्या. इंग्रजांनी त्यांची यादी केली, तेव्हा मथुरा आणि उज्जैनला ओतलेल्या तोफांचं काम कंपनीच्या कारखान्यांच्या तोडीचं आहे, आणि कोन साधायचे स्क्रू अगदी नव्या फ्रेंच पद्धतीचे आहेत, अशी नोंद केली.

आता असई. भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३. दोन दिवस आधी बदनापूरला आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले होते आणि दोन वाटांनी निघाले होते. वेलस्लीला एकट्यालाच शिंदे-भोसल्यांची फौज गाठ पडली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, असं ताडून तो पार झाला. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर हॅनोव्हरचा पोलमन होता. त्यानं दक्षिणेकडे तोंड केलेली अख्खी रांग पूर्वेला वळवली. वेलस्लीला हे अपेक्षितच नव्हतं.

मग तोफा सुरू झाल्या. वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि माणसं पडली, त्याला तोफा मागे ठेवून संगिनींवर जावं लागलं. इंग्रज पायदळाच्या मस्केटला मागची साइटच नव्हती. संगीन अडकवायचा खुंटा तीच पुढची खूण. शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा नाही. म्हणजे नेमाच्या साधनात कोण पुढे होतं ते बघा. ७४व्या रेजिमेंटचे जवळपास सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. एकूण १,५८४ माणसं कंपनीनं गमावली, मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून.

तरी शिंद्यांची फौज हरली, ९८ तोफा गेल्या. आणि आपल्याकडे सर्रास म्हणतात, "आपल्यात शिस्त नव्हती म्हणून हरलो." इथे मला थांबावंसं वाटतं. इंग्रज पायदळ तोफांच्या रांगेवरून पुढे गेलं, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, तोफा उलट फिरवल्या आणि मागून मारा केला. ७८व्या रेजिमेंटला परत फिरून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. दोस्तहो, पळून जायची वाट मोकळी असताना जो माणूस तोफेकडे परत जातो, त्याला बेशिस्त कसं म्हणायचं? कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर बरेच इंग्रज अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले होते. वर हुकूम देणारे डळमळीत झाले, त्याचं खापर तोफेजवळच्या माणसावर का?

हे गोलंदाज सगळे मराठी बोलणारे नव्हते, उत्तर हिंदुस्थानातले पुष्कळ होते. पण मेले आपल्या मातीत. जिंकलेल्या पलटणींना असईचं नाव आणि हत्तीचं चिन्ह मिळालं. वेलस्ली पुढे वॉटर्लू जिंकूनही असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई म्हणायचा. गोलंदाजांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

दादाला मी शेवटी एवढंच लिहिलं, "रेल सलग असेल तर दोन्ही साइट एका उंचीच्या घे, जितक्या लांब बसतील तितक्या लांब बसव. आणि पुढच्या वेळी आलास की असईला जाऊ." तुम्हीही जा. जालन्याहून भोकरदनमार्गे रस्ता आहे. आणि पुन्हा कुणी शिंद्यांच्या फौजेत शिस्त नव्हती म्हणालं, तर विचारा, कुठली शिस्त? दोन्ही होत्या.

भेटू पुढच्या भागात.