कर्ण्यापासून खोक्यापर्यंत

शंभर-दीडशे श्रोत्यांच्या कार्यक्रमाला आवाजाची कोणती यंत्रणा घ्यावी, असं वाचनालयांची, कविसंमेलनांची संयोजक मंडळी मला अधूनमधून विचारतात. मी इंजिनिअर नव्हे, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माईकसमोर उभं राहण्यात बरीच वर्षं गेली आहेत. उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मंडळी, माईक नव्हता तेव्हा शाहीर टिपेच्या स्वरात गात आणि झीलकरी ती ओळ उचलून धरत. त्या उंच स्वरात शैली होती, तशी शेवटच्या रांगेची सोयही होती. 1915 साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी आपला मॅग्नाव्हॉक्स लाऊडस्पीकर लोकांना ऐकवला. 1919 मध्ये अध्यक्ष विल्सन त्यातून हजारोंच्या सभेशी बोलले. आपल्याकडे हे काम नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'ने केलं. गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर ही पाटी दिसते. 1942 च्या गुप्त काँग्रेस रेडिओलाही मोटवाने यांची मदत झाली होती. 1940 मध्ये सुरू झालेल्या अहुजा कंपनीचे अॅम्प्लिफायर पुढे गावोगावच्या मंडपात पोहोचले.

त्या काळी कर्णाच का? कारण अॅम्प्लिफायरची ताकद थोडी आणि मैदान मोठं. अरुंद गळा आणि रुंद तोंड असलेला कर्णा थोड्या वॅटमध्ये आवाज लांब फेकतो. 'शंभर व्होल्ट लाइन' वापरली की लांबच लांब वायरीवर अनेक कर्णे जोडता येतात. सभेला, जत्रेतल्या सूचनांना तो उत्तम. पण तो खर्ज गाळतो आणि वरचे बारीक स्वरही. आपल्या 'स' आणि 'श'ची ओळख त्या वरच्या स्वरांत असते. कवितेत एक अक्षर निसटलं तर अर्थच निसटतो.

नंतर कॉलम आले. चार-पाच छोटे स्पीकर एकावर एक लावलेली ती उभी पेटी. तिचा आवाज आडवा पसरतो, छताकडे कमी जातो. म्हणून घुमणाऱ्या सभागृहात शब्द स्वच्छ राहतात. आज अॅम्प्लिफायर आतच असलेले खोके मिळतात. छोट्या कार्यक्रमाला असे दोन पुरेत. दिंडी असेल तर कर्णा वेगळा.

माझं मत विचाराल तर पैसा आधी माईकवर खर्च करावा. 1939 साली शुअर कंपनीच्या युनिडाइन माईकने एकाच घटकातून समोरचं ऐकायचं आणि मागचं टाळायचं, हे साधलं. 1966 मध्ये त्याच कंपनीचा एसएम अठ्ठावन्न आला. तो आजही मंचावर दिसतो. अशा माईकच्या पाठीमागून येणारा आवाज कमी घेतला जातो, म्हणून शिट्टी कमी वाजते. तरी खोके माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून आणि बसलेल्यांच्या डोक्याच्या वर ठेवावेत. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हेही ध्यानात असू द्यावं. आणि एक जादा वायर पिशवीत हवीच.

एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनाला मिरवणुकीचे अजस्र खोके लावले होते. छाती हादरत होती, शब्द कळत नव्हते. आवाज मोठा असणं वेगळं आणि स्पष्ट असणं वेगळं. मोठ्या आवाजाला कायद्याचीही वेसण आहे. 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, इतकंच. देऊळ असो, मशीद असो की मंडळ, नियम एकच.

खेड्यातल्या कार्यक्रमात मागच्या बाजूला, दाराशी, बहुतेकदा बायका आणि म्हातारी माणसं बसतात. यंत्रणा कशीही निवडली तरी ऐकायला सर्वांत कमी त्यांच्याच वाट्याला येतं. म्हणून संयोजकांना माझं सांगणं असतं, भाड्याचा सौदा करण्याआधी कुणाला तरी मंचावर चार ओळी वाचायला लावा आणि तुम्ही स्वतः दाराशी जाऊन बसा. तिथे 'स' आणि 'श' वेगळे ऐकू आले, की खुशाल पैसे द्या.