नऊवारी, शेगडी आणि फिलाडेल्फिया

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव निघाले की आपण थेट ११ मार्च १८८६ या तारखेवर जातो. त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना पदवी दिली. पदवीआधीची वर्षे मात्र आपण ‘हालअपेष्टा’ या एका शब्दात गुंडाळतो. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र, कॅरोलिन डॉल यांचे १८८८ मधले इंग्रजी चरित्र आणि खुद्द आनंदीबाईंची पत्रे शेजारी ठेवून वाचताना मला त्या शब्दाच्या पोटात एक वेगळा इतिहास दिसतो. तो आहे अठरा वर्षांच्या मुलीने परमुलखात एकटीने थाटलेल्या बिऱ्हाडाचा.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. गोपाळराव मागेच राहिले. तिथे ओळखीचे माणूस एकच होते, तेही पत्रांतून जोडलेले. रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसले असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते आणि आपणहून ओळख काढली होती. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. उन्हाळा त्यांच्या घरी गेला. ऑक्टोबरात कॉलेज सुरू झाले आणि खरे एकटेपण तिथून पुढचे.

हे एकटेपण खाजगी नव्हते, हा माझ्या मते कळीचा मुद्दा आहे. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे जाहीर केले होते. त्याच वर्षी त्यांच्या दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबर १८८३ अखेर वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर परदेशात राहणाऱ्या ब्राह्मण स्त्रीचे ताट आणि लुगडे या गोष्टी तिच्या एकटीच्या उरल्या नाहीत. तिने काय नेसले, काय खाल्ले, यावरून ती ‘आपली’ राहिली की नाही याचा निवाडा होणार होता.

लुगड्याचा प्रश्न आधी उभा राहिला. काष्टा घातलेल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. घाटावर त्यात वावगे काही नव्हते. अमेरिकेत मात्र थंडी आणि लोकलज्जा दोन्ही आड येत. आनंदीबाईंनी झगा स्वीकारला नाही. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पाय झाकले गेले आणि वेष हिंदुस्थानीच राहिला. गोपाळरावांना हा बदल रुचला नाही. शिकण्यासाठी ज्याने हट्टाने पुढे ढकलले, त्याच नवऱ्याला हजारो मैलांवरून लुगड्याचा खुलासा द्यावा लागला.

ताटाच्या बाबतीत तडजोड त्याहून अवघड होती. त्या शाकाहारीच राहिल्या आणि त्या काळच्या अमेरिकी घरात मांस वगळले की पानात फारसे काही उरत नसे. खोलीतल्या शेगडीचा उल्लेखही चरित्रांतून येतो: पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा. धूर सोसायचा की थंडी, हे रोज संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी ठरवायचे.

याच थंडीने आणि अपुऱ्या आहाराने त्यांना क्षय झाला, असे सर्रास लिहिले जाते. क्षय जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्येच, म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढण्याच्या वर्षभर आधी, जाहीर केले होते. उपासमारीने जंतू निर्माण होत नाहीत; शरीराची झुंजण्याची ताकद तेवढी कमी होते. ‘आचार सोडला असता तर जगली असती’ हा निष्कर्ष म्हणूनच मला उतावळा वाटतो. मुंबईकडे परतताना त्या आजारी होत्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक तशीच राहिली.

पत्रे वाचून माझे मत असे झाले आहे की आनंदीबाईंनी रुळणे आणि बदलणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. साडीची तऱ्हा बदलता येते, तशी त्यांनी बदलली. दिलेला शब्द बदलत नसतो, म्हणून तो पाळला. ही रेघ कुठे ओढायची, हे सांगायला जवळ ना सासूबाई होत्या ना शेजारीण. ती त्यांनी स्वतःच ओढली. प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध निवडताना त्यांनी आर्य हिंदूंमधल्या प्रसूतीचा विषय घेतला, त्यातही मला तोच बाणा दिसतो.

मृत्यूनंतर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, घरच्या माणसांच्या रांगेत त्या ठेवल्या आहेत.